महाडचें पाणी आणि गांवची शांतता

(मेडशी येथें ग्रामस्थांच्या सभेंत केलेलें भाषण)



आम्ही पडलों खेड्यांतले मास्तर. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांला मुलांस हिशेब व वाचन कसें शिकवावें हें शिकविलें. सभा कशी गाजवावी हें कोणी शिकविलें नाहीं. तेव्हां फळ्यावर मांडतों तसें एकेक पायरीनें मांडूं. विषय असा कीं, हात न उगारतां केलेल्या चळवळींनीं शांतता येते ती कशी?

प्रथम शांतता म्हणजे काय तें पाहूं. विहिरीवर भांडण नाहीं, ठाण्यांत कागद नाहीं, म्हणजे गांव शांत, असें पुष्कळांस वाटतें. पण ज्याला पाणी भरण्याची बंदी आहे तो विहिरीवर येतच नाहीं. मग भांडण व्हावें कोठून? दावणीला बांधलेलें जनावरहि शांतच असतें. त्याला कोणी सुखी म्हणत नाहीं. जो अन्याय मुकाट्यानें सोसला जातो त्याला शांतता हें नांव देणें म्हणजे राखेखालच्या निखाऱ्याला विझलेला म्हणणें होय.

आतां महाडची हकीकत ऐका. रावबहादुर सीताराम केशव बोले यांनीं १९२३ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत ठराव मांडून मंजूर करविला कीं, सरकारी पैशानें बांधलेलीं व चालविलेलीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्या. १९२४ सालीं महाडच्या म्युनिसिपालिटीनें आपलें चवदार तळें खुलें केल्याचा ठरावहि केला. ठराव दप्तरांत राहिला. पाणी तळ्यांत राहिलें. गुरें त्या तळ्यावर पाणी पीत होतीं, माणसांस मात्र बंदी होती.

२० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह शिस्तीनें तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. कोणाच्या अंगाला बोट लावलें नाहीं, कोणाची वस्तु मोडली नाहीं. पण लगेच गांवांत आवई उठली कीं, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार. बातमी साफ खोटी होती. तेवढ्यावर लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मांडवावर तुटून पडला. जेवणाऱ्यांस मारलें, परत जाणाऱ्यांस वाटेंत गांठून मारलें. कित्येकांस मुसलमान शेजाऱ्यांनीं आपल्या घरांत आसरा दिला.

त्या वेळीं बाबासाहेबांजवळ जमलेल्यांत पलटणींतून परत आलेले शिपाई होते. हातांत बळ होतें, मनांत संताप होता, शब्दाचीच काय ती वाट पाहात होते. बाबासाहेबांनीं तो शब्द दिला नाहीं. हात आवरा, कायद्याच्या वाटेनें जाऊं, असें बजावलें. पुढें हल्लेखोरांपैकीं कांहींस कोर्टानें शिक्षाहि दिली. ज्याच्या अंगीं बळ नाहीं त्याचें गप्प बसणें निराळें, आणि ज्याच्या मनगटांत बळ आहे त्यानें तें आवरणें निराळें. दुसऱ्याला आम्ही शांततेची चळवळ म्हणतों.

नंतर तळें शेणगोमूत्राच्या घागरी ओतून "शुद्ध" केलें गेलें, आणि म्युनिसिपालिटीनें आपला ठरावहि मागें घेतला. डिसेंबर १९२७ मध्यें दुसरी परिषद भरली. तिला जागा देण्यास कोणी तयार होईना, तेव्हां फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें ती दिली. हजारोंनीं सत्याग्रहासाठीं नांवें नोंदविलीं होतीं. पण कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम होता. तो मोडावयाचा नाहीं असें ठरवून लोकांनीं तळ्याभोंवतीं मिरवणूक काढली व परत फिरले. पाणी समोर असून तहानेनें परत फिरणें किती कठीण, हें उन्हाळ्यांत आपल्या वऱ्हाडांतील बायाबापड्यांना सांगावयास नको. खटला चालत राहिला, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत विहिरी, तळीं, घाट सर्वांस खुले असल्याचें लिहिलें आहे, आणि सतराव्या कलमानें अस्पृश्यताच रद्द केली आहे. ओंजळभर पाणी कोठवर पोंचलें तें पाहा!

यांत आमच्या ब्राह्मणेतर मंडळींनीं घ्यावा असा एक धडा आहे. केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनीं महाडच्या लढ्यास पाठिंबा देऊं केला. पण अट घातली कीं, त्यांत ब्राह्मण नसावा. बाबासाहेबांनीं ती अट नाकारली. भांडण ब्राह्मण्याशीं आहे, ब्राह्मण माणसाशीं नाहीं, असें त्यांचें म्हणणें. मनुस्मृति जाळण्याचा ठराव त्याच परिषदेंत सहस्रबुद्धे या ब्राह्मण गृहस्थांनीं मांडला! रूढि मोडावयाची, माणूस मोडावयाचा नाहीं. माणूस मोडला तर उद्यां त्याच्याच बांधाला बांध लावून शेत करावयाचें कसें?

ही गोष्ट कोंकणचीच असें समजूं नका. त्याच १९२७ सालीं आपल्या वऱ्हाडांत अमरावतीस अंबादेवीच्या देवळाचा प्रश्न उभा राहिला. डॉक्टर पंजाबराव देशमुख त्या चळवळींत पुढें होते, आणि नोव्हेंबरांत इंद्रभुवन थिएटरांत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली. कुणब्याच्या पोरानें अस्पृश्य भावासाठीं उभें राहावें, हें त्या काळीं लहान काम नव्हतें.

कोणी म्हणेल, "मास्तर, दहा वर्षें कोर्टांत घालवून पाणी मिळतें, मग काठीच काय वाईट?" शंका खोटी नाहीं. शांततेच्या वाटेला यश हमखास येतेंच असेंहि नाहीं. नाशकास काळाराम मंदिरापुढें १९३० पासून पांच वर्षांवर सत्याग्रह चालला. दार उघडलें नाहीं. पण त्यांत तोटा कोणाचा झाला? १९३५ सालीं येवल्यास बाबासाहेबांनीं हिंदु धर्म सोडण्याचा निश्चय जाहीर केला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखो लोकांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. हात जोडून आलेल्याला जो दारांतून परत लावतो, तो भाऊ गमावून बसतो. काठीनें मात्र दारहि उघडत नाहीं आणि भाऊहि जातो.

हें सारें जुनें झालें म्हणाल, तर अलीकडचें ऐका. मार्च २०१८ मध्यें हजारो शेतकरी व आदिवासी नाशकाहून मुंबईस सुमारें १८० किलोमीटर पायीं गेले. वनजमिनीचे पट्टे, कर्जमाफी अशा त्यांच्या मागण्या होत्या. पाय फुटले होते. तरी दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांचा खोळंबा होऊं नये म्हणून शेवटची वाट ते रात्रींच चालले. सकाळीं मुंबईकर पाणी व खाऊ घेऊन त्यांच्यापुढें आले. सरकारनें लेखी आश्वासन दिलें. तें पुरतें न पाळल्यामुळें २०१९ सालीं लोकांस पुन्हा निघावें लागलें. पण परक्याच्या पोराच्या पेपराची काळजी वाहणारा मोर्चा आम्हां मास्तरांना कोणत्याहि पाठ्यपुस्तकापेक्षां मोठा वाटतो.

आतां मेडशीकरांनो, आपल्या दाराकडे वळूं. महाडांत आवई तोंडानें फिरली. आज ती खिशांतल्या फोनवर फिरते, आणि अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मोटारीहून वेगानें धांवते. म्हणून तीन गोष्टी मागतों. एक, जें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें नाहीं तें पुढें धाडूं नका. आधीं त्या आळींत जाऊन विचारा. दुसरी, कोणी आपली तक्रार घेऊन शांतपणें ग्रामसभेंत उभा राहिला, तर त्याला "गांवची शांतता मोडतोस" म्हणून खालीं बसवूं नका. त्याचें ऐकून घ्या, कारण शांतता तोच वांचवीत असतो. तिसरी, पाणवठा, मसणवट, देऊळ, लग्नाची पंगत, यांत कोणाला अजून बाजूला ठेवलें जात आहे काय, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं तपासावें. आणि असें दिसलें तर मोर्चा येण्याची वाट न पाहतां आपणच दार उघडावें.

शाळेंत मुलें एका माठांतलें पाणी पितात, एका पंगतीला जेवतात. घरीं गेल्यावर त्यांना निराळें शिकवूं नका, एवढें आमचें मागणें आहे.