दम्याची पहिली घटका



जुबिलीच्या या मंगल प्रसंगी आरोग्यविषयक चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली. सणापूर्वी घरोघर झाडलोट होते आणि नेमके त्याच दिवसांत दमेकऱ्यांचे हाल होतात. म्हणून हाच विषय आम्ही निवडला आहे.

जुन्या गोधड्या झटकल्या की धुळीबरोबर माइट नामक सूक्ष्म जीवांची विष्ठा हवेत उडते. घरधुळीच्या अ‍ॅलर्जीचे मूळ या जीवात असावे, असे हॉलंडातील लायडन येथील फोरहोर्स्ट, स्पिक्स्मा प्रभृती संशोधकांनी १९६४ साली प्रतिपादिले. ज्यास या धुळीचे वावडे आहे त्याच्या शरीराने तिला पूर्वीच वैरी ठरविलेले असते. आय्‌जीई नावाची प्रतिपिंडे श्वासनलिकांतील मास्ट पेशींवर जणू पहारा करीत बसलेली असतात. धुळीचा कण त्यांस भिडताच त्या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्रायीन इत्यादी द्रव्ये ओततात. स्नायू आवळतात, आतील अस्तर सुजते, चिकट कफ सुटतो. हे सारे घटकाभरात घडते आणि छाती भरून येते. पुढे तास-दोन तासांत श्वास मोकळा होतो आणि आपण म्हणतो, ‘सुटलो एकदाचे!’

परंतु बंधुजनहो, खरा धोका येथेच आहे. त्या पहिल्या घटकेतच इओसिनोफिल आदी रक्तपेशींस श्वासनलिकांकडे बोलावणे गेलेले असते. त्या जमल्या म्हणजे तीन-चार तासांनंतर, कित्येकांस त्याहूनही उशिरा, दुसरा झटका येतो. हर्क्सहायमर यांनी १९५२ साली या उशिराच्या झटक्याचे वर्णन केले. सकाळी गोधडी झटकावी, रात्री धाप लागावी आणि दोष मात्र केळ्याला किंवा थंड वाऱ्याला द्यावा, असे आपल्या घरांत नित्य घडते. शिवाय पुढे कित्येक दिवस श्वासनलिका हळव्या राहतात. मग चुलीचा वा धूपाचा धूरही त्यांस सोसत नाही.

श्वास मोकळा झाला की औषध फळीवर ठेवून द्यावे, ही चूक आम्हीं सर्वांनीच केली आहे. साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो. सूज तो उतरवीत नाही. ती उतरविण्यास श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे लागते. त्याची ‘सवय लागते’ ही भीती निराधार होय. केवळ साल्ब्युटामॉलवर विसंबू नये, असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शनातही २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे.

तेव्हा दमेकऱ्याच्या हाती झाडू देऊ नये; त्याचे अंथरूण-पांघरूण दर आठवड्यास कढत पाण्यात धुवावे. धाप लागून एक वाक्यही पुरे बोलता येईना, अथवा ओठ निळे पडले, तर क्षणाचाही विलंब न करता इस्पितळ गाठावे. आणि पहिला झटका ओसरला तरी त्या रात्री रोग्याजवळ कोणीतरी जागे असावे, एवढीच आमची नम्र विनंती.