डोंगरवाटांवरील दीर्घ धाव आणि जव्हार-मोखाडा



मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. त्याहून लांब पल्ल्याच्या धावेस अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. आणि ही धाव डांबरी सडक सोडून डोंगरातील पायवाटांनी जाऊ लागली म्हणजे तिचे स्वरूपच पालटते. १९७४ साली कॅलिफोर्नियातील शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत गॉर्डी एन्स्ली हा गृहस्थ घोड्यावाचून उतरला आणि चोवीस तासांच्या आत मुक्कामी पोहोचला. पुढे हा प्रकार जगभर रूढ झाला. महाराष्ट्रातही सिंहगड, राजगड व तोरणा यांना जोडणाऱ्या मार्गावर अशी स्पर्धा भरते. जव्हार-मोखाड्याचे डोंगर अशा धावेस योग्य आहेत, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही. प्रश्न आहे तो ती कोणाच्या ज्ञानावर उभारावयाची हा.

येथील भूमी काळ्या पाषाणाची आहे. पठार चालता चालता एकाएकी तुटते व वाट दरीत उतरते. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, ओहोळ घटकेत फुगतात. पावसाळा सरला की वाढलेल्या गवताखाली सुटे दगड दडून राहतात. उन्हाळ्यात हाच कातळ तापतो आणि भरपूर पावसाच्या या मुलुखात हंडाभर पाण्यासाठी स्त्रियांना टेकड्या चढाव्या-उतराव्या लागतात. अशा भूमीवर वेगापेक्षा पाऊल कोठे टाकावे याची जाण अधिक मोलाची ठरते. उभ्या चढावर कसलेले धावपटूही चालतात, आणि त्यात कमीपणा मानीत नाहीत. खरी कसोटी उताराची. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार झेलतात. ते फाटले तर त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडावर ताण येतो. पाण्याविषयीही मोठा गैरसमज आहे. तहानेपेक्षा अधिक पाणी पीत राहिल्यास रक्तातील क्षार विरळ होतात व माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो; प्रसंगी प्राणावर बेतते. तेव्हा पानथांब्यावर पाण्याबरोबर मीठ व खाद्य हवेच.

जव्हार-मोखाड्यास लागूनच हरसूलचा आदिवासी पट्टा आहे. तेथील सावरपाडा या गावच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. १९५८ मधील मिल्खासिंगांच्या सुवर्णपदकानंतर त्या स्पर्धांतील धावण्याच्या मार्गावरचे भारताचे हे पहिले वैयक्तिक पदक. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये त्या मॅरेथॉन धावल्या. डोंगरात जन्मले की धावता येतेच, असा सोयीस्कर निष्कर्ष मात्र यावरून काढू नये. नाशिक येथील वर्षानुवर्षांचे शिस्तबद्ध प्रशिक्षण त्यामागे होते.

मेक्सिकोतील रारामुरी या आदिवासींचे उदाहरण येथे अधिक जवळचे वाटते. १९९३ साली अमेरिकेतील लेडव्हिल येथे, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांवर, शंभर मैलांची शर्यत व्हिक्टोरियानो चुरो या पंचावन्न वर्षांच्या रारामुरी शेतकऱ्याने जिंकली. त्याच्या पायांत टायरच्या तळाच्या वहाणा होत्या! पायतळीच्या भूमीची ओळख ही एक विद्या आहे.

त्या विद्येकडे दुर्लक्ष झाले तर काय घडते, हे चीनच्या गान्सू प्रांतात दिसले. २२ मे २०२१ रोजी तेथील शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत एकाएकी गारा, पाऊस व सोसाट्याचा वारा आला. वाटेच्या ज्या भागात वाहन पोहोचत नव्हते, तेथेच धावपटू अडकले. थंडीने एकवीस जणांचा बळी घेतला. तेथल्या झू केमिंग नावाच्या मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेतील आसऱ्यात आणून शेकोटीपाशी बसविले, म्हणून ते वाचले. त्याच्यासारखी माणसे आयोजनात आधीपासून असती तर कदाचित आणखी काही प्राण वाचले असते.

येथे स्पर्धा भरवावयाची झाल्यास वाट आखण्यापासूनच पाड्यांवरील माणसे हवीत. कोणता ओहोळ केव्हा अडवितो, फुरसे कोणत्या दगडांत असते, जखमी माणसास झोळीत घालून कोणत्या धारेने लवकर सडकेवर आणता येईल, हे नकाशावर सापडत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सडकेपर्यंतच येणार. पुढचे अंतर गावकऱ्यांच्या खांद्यावरचे. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने, वनविभागाच्या परवानगीइतकाच ग्रामसभेचा विचारही आयोजकांनी महत्त्वाचा मानावा. त्या बैठकीत केवळ टाळ्या व हारतुरे नकोत. वाटाड्यांचा मेहनताना, प्लास्टिकचा कचरा उचलण्याची जबाबदारी आणि स्थानिक तरुणांना शुल्कमाफी या गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात.

हंगामाचा पेच मात्र अवघड आहे. धावण्यास उत्तम हवा पौष-माघातली. परंतु भात-नागलीची कापणी उरकताच अनेक कुटुंबे मजुरीसाठी वीटभट्ट्यांकडे निघून जातात. ज्यांच्या वाटा, तेच तेव्हा गावात नसतात. स्थलांतराआधीची तारीख धरल्यास कापणी आडवी येते. याचा निर्णय मुंबईत वा पुण्यात बसून होणे नाही.

आश्रमशाळांतील शिक्षकांनी मुलांना एवढ्या लांब पल्ल्यात मुळीच उतरवू नये. त्यांच्यासाठी दोन-तीन किलोमीटरची टेकडी पुरे. मोठ्यांचीही धावण्यापूर्वी रक्ततपासणी व्हावी. पंडुरोग या भागात नवा नाही आणि आदिवासी समाजात सिकलसेलही आढळतो. या आजाराचा केवळ वाहक असलेला, एरवी धडधाकट तरुणही उन्हात अतिश्रमाने कोसळू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील तपासणीची नोंद पाहिल्यावाचून कोणाही स्थानिक तरुणाच्या छातीवर क्रमांक लावू नये.