पायदळ प्रशिक्षण परिषद, बेळगाव : स्वागताध्यक्षांचे भाषण



बेळगावनगरीत आपले मनःपूर्वक स्वागत. 1922पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र या गावात आहे. बिगुलाच्या आवाजाने जाग येणारी मुले इथे पिढ्यानपिढ्या वाढली, मीही त्यांतलाच.

स्वागताध्यक्ष म्हटले की बेळगावकराला आठवतात ते गंगाधरराव देशपांडे. डिसेंबर 1924मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे काँग्रेसचे एकमेव अधिवेशन टिळकवाडीला भरले, तेव्हा स्वागत समितीची धुरा त्यांच्याकडे होती. एवढ्या माणसांना पाणी कुठून पुरवायचे? विहीर खोदली गेली. पंपा सरोवर तिचे नाव. मंडप उठले, विहीर राहिली. डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाचे स्वयंसेवक व्यवस्थेला होते. पाहुणे येण्याआधी तयारी पुरी करणारी ही माणसे मला फार मोठी वाटतात.

आपल्या विषयातले मला थोडेच कळते, पण मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांची हकीकत मी लहानपणापासून ऐकली आहे. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या. सोबतचे जखमी झाले. त्यांनी दोघांना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप नेले आणि परत येऊन मशीनगनची ठाणी एकट्याने मोडली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे धैर्य होतेच; पण निरोप्याच्याही हाताला टॉमी गन आणि हातबाँब सरावाचे होते, हे मला तितकेच महत्त्वाचे वाटते. पुढारी पडला तर पुढच्याने सूत्रे घ्यायची, ही सवय ऐन लढाईत लागत नाही. ती कशी लावावी, हे आपण दोन दिवसांत ठरवाल.

आता क्षमायाचना. अवकाळी पावसाने मंडप उशिरा उभा राहिला. निवास एका ठिकाणी होऊ शकला नाही, काहींना दूर जावे लागते. गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळेल. मंडपवाले, कुंदा देणारे हलवाई, गाद्या पुरवणारे व्यापारी, वाहने देणारे मित्र, स्वयंपाकघरातल्या भगिनी आणि नाव न सांगता देणगी देणारे वृद्ध माजी सैनिक, साऱ्यांचा मी ऋणी आहे. काही उणे पडले तर बिल्ला लावलेल्या स्वयंसेवकाला लगेच सांगा.

आणि जाण्यापूर्वी टिळकवाडीतली ती विहीर जरूर पाहून जा.