धुराला पत्ता असतो
(वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



हवा सगळ्यांची, असं शाळेत शिकवलं. मला ते पटत नाही. आपली म्हातारी माणसं सांगतात, महारवाडा गावाच्या पूर्वेला ठेवायचे. का? वारा पश्चिमेकडनं येतो. आपल्या अंगावरचा वारा गावावर जायला नको!

आता मुंबईचा नकाशा काढा. दुपारी समुद्रावरचा वारा पश्चिमेकडनं सुटतो. आणि तेलशुद्धीचे कारखाने, वीजकेंद्र, कचऱ्याचे डोंगर कुठं? पूर्वेला. माहुल, ट्रॉम्बे, देवनार. त्यांना खेटून वस्त्या कुणाच्या, ते तुम्हीच सांगा.

धूर आभाळातनं पडत नाही. त्याला पत्ता असतो. कोळसा जळतो, राख आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो. ट्रकचं डिझेल जळतं, काजळी सुटते. तेलाच्या टाक्यांतनं बेंझिनसारख्या वाफा निघतात. टॉवर उठतात, सिमेंट उडतं. कचरा कुजतो, मिथेन होतो, पेट घेतो. देवनारला १९२७ पासून या शहराचं उष्टं पडतंय. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं, तर धूर उपग्रहालाही दिसला.

गोदीत सुट्या मालाचं जहाज रिकामं करताना आम्ही तोंडाला रुमाल बांधतो. पण खरा वैरी रुमालात अडकत नाही. अडीच मायक्रॉनचा कण, केसापेक्षा वीस-तीस पट बारीक. फुप्फुसातनं रक्तात उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली त्याची वर्षाची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या सरकारनं २००९ साली ठरवली ४०. आठपट! आपली फुप्फुसं काय लोखंडाची?

तानसा पाइपलाइनच्या कडेची घरं पाडली आणि माणसं माहुलच्या इमारतींत नेऊन टाकली. याला पुनर्वसन म्हणायचं. शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं, जबरदस्तीनं तिथं पाठवू नका, भाड्याचे पैसे द्या. ते उगाच नाही झालं. माणसं रस्त्यावर बसली, कोर्टात लढली, तेव्हा झालं.

हिवाळ्यात रात्री वारा उलटतो. जमिनीवरनं समुद्राकडं जातो. मग मलबार हिललाही खोकला येतो. ते खिडक्या लावून हवा साफ करायचं यंत्र विकत घेतात. आपण वही घ्यायची. कुठली चिमणी, किती वाजता, कसला वास, कुणाच्या पोराला दमा, घरोघरी जाऊन लिहायचं. आणि ती वही घेऊन प्रदूषण मंडळाच्या दारात बसायचं. उद्या पाळी सुटल्यावर मी पहिल्या गल्लीपासनं सुरू करतोय. कोण कोण येणार, हात वर करा.

जय भीम!