सोवेटोची मुले
(वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभातील भाषण)



दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली म्हणून उभे राहिलो आहोत. आम्ही केवळ मॅट्रिक झालेले, खडूफळ्यापाशी हयात घालविलेले मास्तर. तेव्हा विषयही शाळेचाच घेतो. शाळा मात्र दूरची, दक्षिण आफ्रिकेतील.

तेथे १९४८ साली सत्तेवर आलेल्या नॅशनल पक्षाने वर्णभेद हेच राज्याचे धोरण केले. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांच्या शाळा सरकारने मुठीत घेतल्या. या मुलांना गोऱ्यांच्या बरोबरीची स्वप्ने पडू नयेत, हा हेतू फेरवूर्ट या मंत्र्याने लपविलाही नव्हता. पुढे १९७४ साली हुकूम निघाला की, गणितासारखे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकवावेत. ही राज्यकर्त्यांची भाषा; ती मुलांना धड येत नव्हती, कित्येक शिक्षकांनाही नाही. न कळणाऱ्या भाषेत गणित शिकणे म्हणजे काय, हे कोणाही मास्तराला विचारावे!

१६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गनजीकच्या सोवेटोत हजारो विद्यार्थी फलक घेऊन रस्त्यावर आले. कित्येकांच्या आईबापांना या बेताची वार्ताही नव्हती. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गोळ्या झाडल्या. हेक्टर पीटरसन हा १२ वर्षांचा मुलगा पडला. त्याला हातांवर घेऊन धावणारा तरुण आणि शेजारी आक्रंदत धावणारी बहीण, हे सॅम एन्झिमा यांनी टिपलेले छायाचित्र जगभर गेले. वणवा गावोगाव पसरला. सरकारी चौकशी आयोगानेच मृतांचा आकडा ५७५ दिला.

सरकारने जुलैत भाषेची सक्ती मागे घेतली, पण धरपकड थांबविली नाही. सप्टेंबर १९७७ मध्ये स्टीव्ह बिको कोठडीत झालेल्या इजांनी मृत्यू पावले. ऑक्टोबरात अनेक संघटनांवर बंदी आली. तथापि भीती एकदा मोडली ती मोडलीच. १९९४ साली सर्वांना मताधिकार मिळाला, आणि १६ जून तेथे युवक दिन म्हणून पाळला जातो.

हे येथे कशासाठी, असे कोणी म्हणेल. भारताने १९४६ सालीच त्या देशाशी व्यापार तोडला, याचा आपणांस अभिमान आहे, आणि तो असावाच. परंतु १९७६ सालीच आम्ही पहिला वर्ग हाती घेतला, तेव्हा गावकुसाबाहेरील मुले आपण होऊन मागच्या ओळीत जाऊन बसत. आम्ही त्यांना तेथे बसविले नव्हते. पण कित्येक महिने तेथून उठविलेही नाही. ती बोच आजही जात नाही. कायद्याने घातलेली भिंत दिसते तरी. सवयीने घातलेली दिसतच नाही.

म्हणून एक नम्र सूचना. आपल्या शिष्यवृत्ती-निधीतून दरवर्षी एक तरी शिष्यवृत्ती ज्ञातीबाहेरील गरजू मुलास द्यावी. पहिल्या वर्षाची रक्कम आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. कार्यकारी मंडळाने विचार करावा, ही विनंती.