शेवटचा आकडा

(दहावी १९९७ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर काहीतरी बोल." मी म्हटलं, बोलते, पण विषय माझा. तर आज मी मोबाइलच्या एका बिलावर बोलणार आहे. बासुंदी तयार आहे असं मघाशीच कानावर आलंय, म्हणून वेळेत संपवते.

समोर आपल्या गणिताच्या बाई बसल्या आहेत. बाईंनी आपल्याला शिकवलं होतं: छापील किंमत वजा सूट बरोबर विक्री किंमत. रिबेटही शिकवला होता. गांधी जयंतीला खादी भांडारात सूट मिळते आणि दुकानाचे जेवढे पैसे कमी येतात तेवढे सरकार भरून देतं, तो रिबेट. सूट किती, ती कोण देतं, पैसे कोण भरतं, सगळं उघड. आजही आठवीच्या पुस्तकात 'सूट व कमिशन' हे प्रकरण आहे. दुकानं मात्र त्या प्रकरणाच्या बरीच पुढे गेली आहेत.

आपल्यातल्या बहुतेकांचे वडील टेल्को, बजाज, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स नाहीतर भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये होते. दिवाळीचा बोनस झाला की पिंपरी कॅम्पात खरेदी. बोनस पुरला नाही तर कंपनीची पतपेढी. आमचा पहिला फ्रीज पतपेढीच्या कर्जावर आला. बाबांचं पासबुक माझ्याकडे अजून आहे. कर्ज एका रकान्यात, व्याज दुसऱ्यात, बाकी तिसऱ्यात. व्याज होतं, आणि ते व्याज म्हणूनच लिहिलेलं होतं. बाबा दर महिन्याला ते पाहून चरफडायचे, पण किती चरफडायचं हे त्यांना ठाऊक असायचं.

आता त्या बिलाकडे येते.

माझ्या मामेभावाचा मुलगा चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. २०२४च्या दसऱ्याला त्याने मोबाइल घेतला. फोनची किंमत २४,००० रुपये. पाटीवर लिहिलेलं: 'नो कॉस्ट ईएमआय. प्रोसेसिंगसाठी अटी लागू. १,५०० रुपये कॅशबॅक.' त्याने मनात हिशेब केला: फोन पडला साडेबावीस हजारांना, तोही बिनव्याजी. आठ हप्ते तीन-तीन हजारांचे, त्यातले दोन आगाऊ. पोरगा खुशीत घरी गेला.

पाच महिन्यांनी तो माझ्याकडे आला. "आत्या, तू कॉम्प्युटरवाली आहेस ना, हे काय कापलंय बघ." मी कागद पसरले. प्रोसेसिंग फी ६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०८. वाढीव वॉरंटी, करासह १,७७०. ती आपण घेतली आहे हे त्याला माहीतच नव्हतं. हप्त्याची तारीख पाच आणि कंत्राटदाराचा पगार दहाला. एका महिन्यात खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला. फायनान्स कंपनीने ५०० लावले आणि बँकेने वेगळे २९५. कॅशबॅक मिळवायला तीस दिवसांत ॲपवर बिल आणि फोनचा नंबर चढवायचा होता. ते त्याला कळलं तेव्हा दीड महिना होऊन गेला होता. मिळालं असतं तरी ते रोख नव्हतंच, पुढच्या खरेदीचं कूपन होतं.

बेरीज करा. २४,००० अधिक ७०८ अधिक १,७७० अधिक ५०० अधिक २९५. होतात २७,२७३. साडेबावीस हजारांचा फोन सव्वासत्तावीस हजारांना पडला. फरक ४,७७३ रुपयांचा. ज्याला महिन्याच्या पगारातून खोलीचं भाडं, मेस आणि गावाकडे पाठवायचे पैसे काढायचे आहेत, त्याला हा आकडा लहान नाही.

आता बाई, तुमच्या रीतीने 'शून्य टक्के' तपासून पाहू. दोन हप्ते आगाऊ दिले, म्हणजे कर्ज खरं १८,००० रुपयांचं, सहा महिन्यांचं, आणि तेही दर महिन्याला तीन हजारांनी उतरणारं. अठरा, पंधरा, बारा, नऊ, सहा, तीन. बेरीज त्रेसष्ट हजार. म्हणजे ६३,००० रुपये एक महिना वापरल्यासारखं. त्यासाठी नुसती फी दिली ७०८. सरळव्याजाने दरसाल साडेतेरा टक्के होतात. वॉरंटी आणि दंड यात धरलेलेच नाहीत. दुकानदार नंतर सहज बोलून गेला, "रोख दिले असते तर आठशे कमी केले असते." ते आठशेही धरले तर दर दुपटीच्या वर जातो.

यात नवल नाही. पैसे वापरायला दिले की व्याज कुणीतरी भरतंच. कधी ते प्रोसेसिंग फी म्हणून येतं, कधी रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट हप्तेवाल्याला न देऊन. क्रेडिट कार्डावरच्या 'नो कॉस्ट'मध्येही बँक व्याज लावते. तेवढी सूट आधी दिलेली असते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्या माथी येतो. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३च्या परिपत्रकात बँकांना हेच बजावलं होतं: शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवून गिऱ्हाइकाला भुलवलं जातं. त्यानंतर पाट्यांवरून 'झीरो परसेंट' कमी झालं आणि 'नो कॉस्ट' वाढलं.

तुम्ही विचाराल, हे त्याला सांगितलं नव्हतं का? मी हाच प्रश्न घेऊन कागद चाळले. सगळं लिहिलेलं होतं. १ ऑक्टोबर २०२४पासून मंजूर होणाऱ्या अशा किरकोळ मुदत कर्जांना रिझर्व्ह बँकेने 'की फॅक्ट स्टेटमेंट' बंधनकारक केलं आहे. कर्जाचा सगळा खर्च, वर्षाचा खरा दर आणि प्रत्येक शुल्क एका कागदावर, कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यालाही ते मिळालं होतं. इंग्रजीत, ई-मेलवर. मेलवरची वेळ पाहिली तर ओटीपी सांगून झाल्यानंतर चार मिनिटांनी आलेलं.

म्हणजे लिहिलेलं होतं, पण सांगितलेलं नव्हतं. आज मला एवढंच बोलायचं आहे. मन ठरायच्या आधी कळलं तर ती माहिती. नंतर कळलं तर ती नुसती पावती.

आता जे सांगते ते या पोराला मी अजून सांगितलेलं नाही.

दहाएक वर्षांपूर्वी मी हिंजवडीत एका प्रकल्पावर होते. ग्राहक एक किरकोळ विक्रीची वेबसाइट. पैसे भरायचं पान माझ्या टीमकडे होतं. सूचना आली, हाताळणी शुल्क पहिल्या पानावर नको, शेवटच्या पानावर दाखवा. विम्याच्या चौकटीत बरोबरची खूण आधीपासून असू द्या. ती खूण घालायला कोडमध्ये एक ओळ लागते. ती ओळ मी लिहिली.

मग आम्ही चाचणी घेतली. निम्म्या लोकांना शुल्क सुरुवातीला दाखवलं, निम्म्यांना शेवटी. शेवटी दाखवलं की कमी लोक सोडून जातात. माणसाने वस्तू निवडलेली असते, पत्ता भरलेला असतो, घरी फोन करून सांगितलेलंही असतं. आता ऐंशी रुपयांसाठी कोण मागे फिरणार? दुसरा नमुना कायम झाला. त्या संध्याकाळी टीमसाठी पिझ्झा मागवला होता. मी दोन तुकडे खाल्ले.

मला कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. एकही आकडा चुकीचा नव्हता. फक्त कुठला आकडा कधी दिसेल एवढंच ठरवलं होतं, आणि त्यातच सगळं आलं. मी विचारायला हवं होतं, "हे पहिल्या पानावर का नको?" विचारलं असतं तर नोकरी गेली असती असंही नाही. मला ते सुचलंच नाही. मुलाचं बिल हातात घेतल्यावर मला माझं ते पान आठवलं.

आज या करामतींना कायद्यात नावं आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात तेरा प्रकार आहेत. किंमत थेंबाथेंबाने उघड करणं म्हणजे 'ड्रिप प्रायसिंग', आणि न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं म्हणजे 'बास्केट स्नीकिंग'. ही दोन्ही कामं मी करून बसले आहे. जून २०२५मध्ये प्राधिकरणाने सगळ्या ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत आपापली पानं स्वतः तपासायला सांगितलं. दुकानातली खरेदीही मोकळी नाही. जी वस्तू फुकट म्हणून देता, तिची किंमत व्यवहारात कुठेतरी वसूल होत असेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

येत्या २४ तारखेला राष्ट्रीय ग्राहक दिन आहे. पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याच्या बारा वर्षं आधी, १९७४मध्ये, बिंदुमाधव जोशींनी इथून जवळच पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली होती. म्हणजे हा विषय आपल्याला बाहेरून शिकायचा नाही.

मुलाच्या बिलाचं पुढे काय झालं? आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. वॉरंटीच्या कागदावर त्याची संमती कुठेच नव्हती, ते १,७७० परत आले. फी आणि दंड गेले ते गेले. कॅशबॅकही गेलं. तिथे भागलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोग होता. आता माणूस राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. चाकणमध्ये लातूर-नांदेडहून, विदर्भातून आलेल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

म्हणून आपल्या तुकडीला माझी विनंती आहे. आपल्यातल्या दोघांची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. मित्रांनो, चिठ्ठीवर दोन आकडे लिहून द्या: रोखीची किंमत, आणि हप्त्याने घेतलं तर सगळं धरून खिशातून जाणारी रक्कम. ओटीपी मागण्याआधी. गिऱ्हाईक तुटेल असं वाटत असेल तर ते का तुटेल याचा विचार करा. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत एचआरला असलेल्यांनी नव्या कामगारांच्या पहिल्या दिवशी सुरक्षेचे बूट देता देता अर्धा तास यासाठी काढा: हप्त्याची तारीख पगारानंतरची घ्या, की फॅक्ट स्टेटमेंट मराठीत मागा, आणि ते वाचून होईपर्यंत ओटीपी सांगू नका. आणि आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी ती खूण काढून टाकायची. निदान ती घालायला सांगितली तर का, एवढं तरी विचारायचं. हल्ली मी विचारते. कधी ऐकतात, कधी नाही. पण मीटिंगच्या इतिवृत्तात प्रश्न राहतो.

बाकी सगळ्यांनी दुकानात एकच वाक्य पाठ करायचं: "सूट राहू द्या, शेवटचा आकडा सांगा."

शेवटी एक निवेदन. मुख्याध्यापकांनी जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी आठवीचा एक तास मला द्यायचं कबूल केलं आहे. प्रकरण तेच, 'सूट व कमिशन'. उदाहरणं मात्र पुस्तकातली नसतील, खऱ्या बिलांची असतील. माझ्याकडे एकच बिल आहे. तुमच्याकडची हप्त्यांची जुनी बिलं नाव-नंबर खोडून मला पाठवा. आणि बाई, तुम्ही पहिल्या बाकावर येऊन बसा. माझी साडेतेरा टक्क्यांची रीत चुकली असेल तर सर्वांसमोर सांगा, पूर्वी सांगायचात तसंच.