भाजलेल्या हाताची कोरणी

रोमला वेढा घालून बसलेल्या पोर्सेना राजाला ठार मारायचं, म्हणून गायस म्युसियस नावाचा तरुण शस्त्र लपवून त्याच्या छावणीत शिरला. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की, त्या दिवशी शिपायांचा पगार वाटणं चाललं होतं. राजाशेजारी जवळपास त्याच्यासारखाच पोशाख केलेला चिटणीस बसला होता आणि सगळी गर्दी त्याच्याभोवती. म्युसियसने वार केला तो चिटणिसावर! पगार वाटणाऱ्यालाच लोक राजा समजतात, हे तेव्हापासूनचंच म्हणायचं.

पकडल्यावर राजाने जाळण्याची धमकी दिली. तेव्हा या पठ्ठ्याने आपणहून उजवा हात होमाच्या निखाऱ्यांत धरला. राजा हबकला आणि त्याने त्याला सोडून दिलं.

ही दंतकथा 1586 साली हेंड्रिक गोल्ट्झियस या डच कलावंताने रोमन वीरांच्या मालिकेत तांब्याच्या पत्र्यावर कोरली. मालिका त्याने सम्राट दुसऱ्या रुडॉल्फला अर्पण केली. या चित्रांत वीर पुढे, भलाथोरला. त्याचा पराक्रम मात्र मागे, लहानसा. स्नायू तर असे फुगलेले की थोडी अतिशयोक्तीच वाटावी.

खरी मौज रेघेत आहे. केसासारखी बारीक सुरू होते, मांडीच्या गोलाईवर जाड होते, पुन्हा निमुळती होत विरते. खोल कोरलं की शाई जास्त बसते, रेघ ठसठशीत उमटते. अशी रेघ काढताना कोरणीची मूठ तळहातात दाबून खांद्याच्या जोराने पुढे रेटावी लागते. बोटांची नजाकत इथे पुरत नाही.

आणि गोल्ट्झियसचा उजवा हात? त्याचा मित्र आणि चरित्रकार कारेल व्हान मांडर लिहितो की, लहानपणी तो विस्तवात पडला होता. हात नीट जुळून आला नाही आणि पुढे जन्मभर पुरता उघडला नाही. म्युसियस कोरताना त्याला आपला हात आठवला असेल का, याला पुरावा नाही. पण न आठवणं कठीणच. कारण दोनच वर्षांनी, 1588 मध्ये, त्याने वाकड्या बोटांच्या एका हाताचं चित्र टाकाने रेखाटलं. तो त्याचाच उजवा हात मानला जातो. हे रेखाटन हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात आहे.